वाइंडिंगबाईंची एकवीस सकाळींची वही

वाइंडिंगबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा फुटली ती खिडकीवाल्या काकूंच्या खिडकीतून. लग्नाला अडतीस वर्षं झालेली, दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि अशा वयात बाईंनी नवऱ्याची उशी उचलून दारासमोर उभ्या असलेल्या गाडीत नेऊन टाकली, हे काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. उशी पाहिली होती, यात शंका नाही. टाकली की ठेवली, एवढा बारकावा समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून दिसत नसतो.

उरलेलं गल्लीने आपापल्या कुवतीप्रमाणे भरलं. इस्त्रीवाल्याच्या मते भानगड जुनी होती. चाळीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, प्रत्येक थांब्यावर काही ना काही असणारच, आता कुठे उघडकीला आलं असेल. दूधवाल्याच्या मते कारण साधं होतं, घोरणं. पण काकूंकडे पुरावे होते. एक म्हणजे, नवरा बाहेर गाडीत आणि बाईंच्या खोलीतला दिवा मात्र रात्रभर चालू, म्हणजे बाई आत ऐसपैस. आणि दुसरा पुरावा असा की सकाळी सहाच्या ठोक्याला बाई पुढच्या दाराने बाहेर यायच्या, एका हातात चहा, दुसऱ्या हातात वही. गाडीत वाकून कशाकडे तरी बघायच्या, वहीत आकडा लिहायच्या, आणि मग चहाचा कप आत द्यायच्या. आधी आकडा, मग चहा.

"हजेरी घेते," काकूंनी निकाल दिला. "रात्रीत पळून तर गेला नाही ना, बघते."

बातमी दोन दिवसांत दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीपर्यंत पोचली. तिने फोन केला आणि जरा घाबरतच विचारलं, "आई, बाबांना बाहेर झोपवतेस म्हणे?"

"हो," बाई म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

खरं काय ते सांगायचं आहेच, पण गप्पांना घाई मानवत नाही. आधी बाई कोण ते कळायला हवं.

बाई एकोणिसाव्या वर्षी मोटर दुरुस्तीच्या एका दुकानात फोन घ्यायला लागल्या. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती. मोटरमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे भरताना, म्हणजे वाइंडिंग करताना, ते मोजणी चुकायचे, आणि कोपऱ्यातून फोनवाली मुलगी मान वर न करता सांगायची, "एकशे बारा झाले, तुम्ही एकशे दहा म्हणालात." आठवडाभर मिस्त्रींनी तिच्याकडे रागाने बघितलं. मग एक दिवस त्यांनी आपलं स्टूल सरकवलं आणि म्हणाले, बस इथे, तोंड चालवण्यापेक्षा हात चालव. त्या स्टुलावरून उठल्या त्या स्वतःचं दुकान काढायलाच. पंखे, पंप, पिठाच्या गिरण्या, लिफ्ट, जळलेली कुठलीही मोटर त्यांच्याकडे यायची आणि गुणगुणत परत जायची. नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या की बेअरिंग गेलंय की वेढे. एकदा शेजारच्या लग्नघरात जेवताना घास हातात धरून म्हणाल्या होत्या, पाण्याचा पंप अर्ध्या तासात बसणार. पंप पंचवीस मिनिटांत बसला. लग्नघराला तो अपशकुन वाटला, बाईंना मात्र पाच मिनिटांच्या चुकीचं वाईट वाटलं.

त्यांच्या दोन सवयी अख्ख्या बाजाराला ठाऊक. एक म्हणजे, छापील लेबलावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. लेबल म्हणजे स्थळाची माहिती, असं त्या म्हणत; मुलगा कसा आहे ते लोड टाकल्यावरच कळतं. दुरुस्त केलेली मोटर त्या एकवीस वेळा चालू-बंद करून बघायच्या आणि मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायच्या. वीस वेळा नाही, एकवीस. का, असं विचारणाऱ्याला मोटर आणखी एक दिवस उशिरा मिळायची.

दुसरी सवय झाकण्याची. उघड्या तारांवर धुळीचा कण बसला आणि त्यावर वार्निश चढलं, की ती मोटर सहा महिन्यांत जळून परत दारात. म्हणून टेबलावरून उठताना हातातलं काम फडक्याने झाकायचं, ही शिस्त चाळीस वर्षांत हाताच्या हाडांत मुरली होती. घरीही मिक्सर झाकलेला, टेलिफोन झाकलेला, फळांची टोपली झाकलेली. एकदा खुर्चीत डुलकी लागलेल्या नवऱ्याच्या तोंडावरही फडकं पडलं होतं. ते जागे होऊन म्हणाले, "अगं, अजून आहे मी."

हे नवरे म्हणजे ड्रायव्हर. बसमधून निवृत्त झाले तरी नाव तेच राहिलं. मोठा हसरा माणूस, पण आयुष्यभराची एक सल पोटात घेऊन फिरणारा. त्यांच्या रोजच्या मार्गावर डोंगरातल्या चौदाव्या वळणावर झाडी क्षणभर बाजूला व्हायची आणि खाली एक तळं दिसायचं. चार सेकंद. मागे पन्नास उतारू, हातात वेळापत्रक, तिथे ना थांबा ना टपरी. चाळीस वर्षं जाता-येता त्यांनी ते तळं चार-चार सेकंद पाहिलं आणि एकदाही त्याच्या काठावर पाय ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मालवाहू गाडी घेतली. दोघांनी मिळून तिला घर केलं. एका बाजूला पलंग, समोर अरुंद बाक, टीचभर ओटा, त्याखाली छोटा फ्रीज. आता वेळापत्रक आपलं, असं ड्रायव्हर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. तळ्याकाठी दोन रात्री राहायचं. एक का नाही, तर पहिली रात्र पाहुण्यासारखी जाते, दुसरीला माणूस तिथला होतो.

आणि निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत यांचा श्वास थांबतो. एकदा नाही, रात्रभर, पुन्हा पुन्हा. उपाय होता. उशाशी ठेवायचं एक मशीन, त्यातून निघणारी नळी, नाकावर बसणारा मास्क. मशीन हवा रेटतं, श्वास चालू राहतो. फक्त रोज लावायचं, एकही रात्र चुकवायची नाही. आणि तळ्याच्या दहा कोसांच्या परिसरात विजेचा एक खांब नव्हता.

ड्रायव्हर घरी आले, गाडीवर ताडपत्री ओढली, दोऱ्या आवळल्या आणि हात झटकत म्हणाले, "बरंच झालं. तिथे डास असतात."

ज्या डासांची ओळखसुद्धा नाही त्यांना नावं ठेवणारा माणूस आतून किती मोडलाय, हे कळायला बाईंना मीटर लावायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या विजेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेल्या. तिथे हल्ली सूटकेसएवढे डबे मिळू लागले होते. आत बॅटरी, बाहेर प्लगची भोकं, सोबत पुस्तकासारखं उघडणारं सोलर पॅनल. उन्हात पॅनल पसरायचं, डबा भरतो, त्यावर रात्री काय हवं ते चालवायचं. दुकानदार भाषणाच्या तयारीत होता. तो म्हणाला, बाई, तुमचं मशीन या डब्यावर रात्रभर आरामात चालेल.

"कुणाची रात्र?" बाईंनी विचारलं. "किती तासांची? थंडीतली का उन्हाळ्यातली?"

दुकानदाराने लेबल दाखवलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते परत फिरवून ठेवलं.

डबा घरी आला. ताडपत्री निघाली. आणि बाईंनी जाहीर केलं की तळ्यावर जायचंच, पण आधी एकवीस रात्री दारातच. गाडीत, डब्यावर, घराच्या विजेला हात न लावता. काही बिघडलंच तर दहा पावलांवर घराचा प्लग आहे. गल्लीने पाहिली ती उशी हीच, आणि सकाळची हजेरी होती ती नवऱ्याची नव्हे, डब्याची. डब्याच्या पुढच्या पट्टीवर किती टक्के वीज उरली ते दिसतं, तो आकडा.

पहिल्या रात्री छप्पन्न टक्के गेले. बाईंनी दुपारभर विचार केला आणि त्यांना चोर सापडला. डब्यातली वीज बॅटरीची. डबा तिची घरच्यासारखी वीज करणार. मशीनचा चार्जर तिची परत बॅटरीसारखी करणार. बटाटा सोलायचा, साल पुन्हा चिकटवायची आणि पुन्हा सोलायची, त्यातला हा प्रकार. त्यांनी मशीनसाठी मिळणारी सरळ जोडायची वायर आणली, आणि छप्पन्नाचे त्रेचाळीस झाले. मग लक्ष मशीनमधल्या छोट्या हीटरकडे गेलं. तो पाणी गरम करून हवा ओलसर ठेवतो, आणि वीज तोच पितो. आठव्या रात्री बाईंनी हीटर बंद ठेवला. सकाळी खर्च फक्त बारा टक्के. आकडा सुंदर होता, ड्रायव्हर नव्हते. घसा कोरडा पडून त्यांनी झोपेतच मास्क काढून फेकला होता आणि डोळे लाल करून बसले होते. वहीत नोंद आहे: "१२. उपयोग नाही." हीटर अर्ध्यावर ठेवला तेव्हा तीस. आणि मग पुढे रोज तीस, एकोणतीस, तीस, एकतीस. एकविसाव्या सकाळी बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "चला."

ड्रायव्हरांनी गाडी काढली आणि खिडकीवाल्या काकूंना हात करायच्या ऐवजी जोरात हॉर्न दिला. काकूंनी लगेच कळवलं की आता त्याला कुठेतरी लांब सोडून यायला निघाली.

चौदाव्या वळणानंतर एक कच्चा रस्ता खाली उतरतो, हे ड्रायव्हरांना चाळीस वर्षं माहीत होतं. तो उतरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, खुर्ची काढली, पाण्याकडे तोंड करून अर्धा तास बसून राहिले. मग म्हणाले, "मोठं आहे गं. चार सेकंदांत मावत नव्हतं."

पहिली रात्र बिनघोर गेली. फक्त प्रवासात फ्रीज चालून झोपताना डब्यावर अठ्ठ्याहत्तर टक्के उरले होते, आणि रात्री फ्रीज बंद ठेवूनही सकाळी चाळीसच होते. बाईंनी आकडेमोड केली: दारात तीस लागायचे, इथे अडतीस लागले. थंडी. पाण्याकाठची हवा गार, हीटरला जास्त राबावं लागतं. हरकत नाही, ऊन खणखणीत होतं. त्यांनी पॅनल गवतावर पसरलं, डबा गाडीच्या सावलीत ठेवला, आकडा वर सरकायला लागल्याचं डोळ्यांनी पाहिलं. मग दोघं भाकरी-पाणी घेऊन तळ्याला फेरी मारायला निघाले. वारा सुटला होता, कच्च्या रस्त्याची धूळ उडत होती.

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन डोंगराच्या खांद्यावर टेकलेलं. बाई डब्यापाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. चौतीस टक्के. सकाळपेक्षाही कमी, कारण दिवसभर फ्रीज मात्र चालू होता. रात्रीला हवेत अडतीस.

त्या पॅनलकडे वळल्या. पॅनलवर टेबलक्लॉथ होता. निळ्या चौकडीचा, चारी कोपरे कपड्यांच्या चिमट्यांनी नीट अडकवलेले, एकही सुरकुती नाही. निघताना धूळ उडाली, काम उघडं होतं, हात आपोआप गेले होते.

ड्रायव्हरांनी डब्याचा आकडा पाहिला. फडक्याकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. ते खुर्च्या मिटायला लागले. म्हणाले, दिवसा उजेडी निघालो तर झोपायच्या वेळेला घरी. एक रात्र झाली की. आणि पुन्हा तेच, डासही आहेत.

डास नव्हते. बाईंना दिसलं की हा माणूस आज डब्यापायी परत गेला, तर उद्या गाडीवर ताडपत्री चढेल आणि या वेळी दोऱ्यांच्या गाठी सुटणार नाहीत. आणि तो डब्याला दोष देईल, तळ्याला देईल, स्वतःच्या नाकाला देईल. ज्याचा दोष आहे त्याच्या वाट्याला काहीच येणार नाही. चाळीस वर्षांत बाईंनी गिऱ्हाइकासमोर "माझं चुकलं" हे शब्द उच्चारले नव्हते. चुकलंच नव्हतं, तर उच्चारणार कशाला.

"डबा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पॅनलही ठीक आहे. मी झाकून ठेवलं."

"काय झाकलंस?"

"पॅनल. धूळ बसेल म्हणून."

ड्रायव्हरांनी खुर्ची खाली ठेवली. पॅनलपाशी गेले, चारही चिमटे एकेक करून पाहिले, जणू अपघाताचा पंचनामा. आणि मग हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळे पुसत. "सूर्याला फडकं घातलंस," ते म्हणाले. "मिस्त्रीबाई, तू सूर्याला फडकं घातलंस."

"झालं हसून?" बाई म्हणाल्या. पण त्यांना बरं वाटलं होतं. हसणारा माणूस खुर्च्या मिटत नाही.

मग त्यांनी कामाला हात घातला. पहिल्यांदा फ्रीज बंद. दुसरं, गाडीतल्या औषधाच्या पेटीतली सुती पट्टी काढली आणि मशीनच्या नळीवर टोकापासून टोकापर्यंत गुंडाळली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, जशी त्या तांब्याच्या तारांच्या टोकांवर गुंडाळत आल्या होत्या. नळीतली हवा उबदार राहिली तर हीटरला कमी राबावं लागेल. तरीही चारची तूट होती, वर थंडीचा भरवसा नाही. मग डब्यासोबत आलेली आणखी एक वायर आठवली. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या सॉकेटमध्ये लावायची. गाडी चालू असेल तर डबा भरतो, हळूहळू, तासाला आठ-नऊ टक्के. दारातल्या एकवीस दिवसांत ती वायर तपासलीच नव्हती, कारण गाडी उभीच होती. ड्रायव्हर गाडी सुरू करून नुसती उभी ठेवतील का, असं त्यांनी चाचरत विचारलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणाऱ्याला ड्रायव्हरांनी डेपोत कधी माफ केलं नव्हतं.

"उभी कशाला?" ते म्हणाले. "चालवल्यावर भरतो ना? मग चालवायचं काम माझं. बस पुढे."

बाई पुढे बसल्या, डबा दोन पायांमध्ये. तळ्याभोवतीच्या कच्च्या रस्त्याने गाडी निघाली. आणि पहिल्याच वळणावर बाईंच्या लक्षात आलं की आपण याच्या शेजारी बसून याला गाडी चालवताना नीट कधी पाहिलंच नाही. बसमध्ये घरच्यांना पुढे बसायची परवानगी नव्हती. त्या तिसऱ्या रांगेत बसायच्या आणि त्यांना दिसायची ती फक्त मान. ही गाडी आल्यापासूनही प्रत्येक वेळी त्यांचं डोकं वहीत नाहीतर वायरमध्ये. आता हात दिसत होते. खड्डा यायच्या आधीच चाक बाजूला झालेलं, गिअर पडल्याचा आवाजसुद्धा नाही, बाटलीतलं पाणी हलत नव्हतं. इंजिनाच्या सुरात कुठे खरखर नाही. बाईंनी सवयीने कान लावून खोट शोधली आणि ती सापडली नाही. हा माणूस पन्नास जिवांना चाळीस वर्षं असा वाहून नेत होता, आणि आपल्याला वाटायचं की नुसता गोल चाक फिरवतो.

"चांगली चालवता की हो," त्या म्हणाल्या.

"लेबल वाचून म्हणतेस, का लोड टाकून?"

दीड तास, तळ्याला सहा फेऱ्या. ड्रायव्हर प्रत्येक फेरीला कंडक्टरसारखं ओरडून थांबे जाहीर करत होते, वडाचा थांबा, दगडाचा थांबा, फडक्याचा थांबा. अंधार पडायच्या आत डब्यावर सत्तेचाळीस झाले.

सकाळी चौदा उरले होते. म्हणजे रात्रीत तेहेतीसच गेले, आदल्या रात्रीपेक्षा पाच कमी; पट्टीने काम केलं होतं. ड्रायव्हर साडेसातला उठले, टवटवीत, मास्कची खूण गालावर घेऊन, आणि आपल्याच तळ्यात तोंड धुतलं. वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे: "१४. पॅनल झाकू नये. ड्रायव्हर उत्तम." त्यात शेवटचा शब्द गाडी चालवण्याबद्दल आहे की प्रकृतीबद्दल, हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही.

आता त्या गोष्टीला चार वर्षं झाली. दुकानदार हल्ली लेबल दाखवत नाही, गिऱ्हाइकाला बाईंकडे पाठवतो. चाकांवरची घरं घेऊन निघालेली माणसं, कुणी दमेकरी, कुणी मशीनवर झोपणारं, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, आधी बाईंच्या दुकानासमोर रांग लावतात. बाई डब्यावर लोड टाकतात, आकडे लिहून देतात, नळीला पट्टी गुंडाळून देतात आणि शेवटी ठणकावतात की पॅनल कशानेही झाकायचं नाही. असं कोणी मूर्ख करतं का, असं एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, एक हुशार बाई करायची. बाकावर बसलेले ड्रायव्हर खोकल्यासारखं काहीतरी करत बाहेर गेले. ते आणि बाई वर्षातून चार महिने गल्लीत नसतात. तळ्याचं झालं, समुद्राचं झालं, आता बर्फाचं चाललंय. भिंतीवर सगळ्या ठिकाणांचे फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली सकाळचा आकडा.

खिडकीवाल्या काकूंनी एकदा धीर करून तोंडावर विचारलं की तेव्हा खरंच बाहेर काढलं होतं का.

"काढलं होतं," बाई म्हणाल्या. "आता परत घेतलंय." नवऱ्याला हाकलणारी कडक बाई हे नाव त्यांना चालत होतं. घाबरलेली बाई हे चाललं नसतं.

खरी गोष्ट अशी. त्या एकवीस रात्री बाई गाडीतच होत्या, पलंगासमोरच्या अरुंद बाकावर. डब्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मशीनच्या आवाजाला कान लावून झोपत. पहाटे साडेपाचला गाडीच्या मागच्या दाराने उतरून त्या मागच्या बाजूने घरात जात, चहा करत आणि सहाला पुढच्या दाराने वही घेऊन येत. खोलीतला दिवा चालू राहायचा, कारण तो बंद करायला घरात कोणी नव्हतं.